कॅमेऱ्यातला शर्ट नेमका कोणत्या रंगाचा?

दिवेलागणीची वेळ आहे. पेठ वडगावच्या बाजारपेठेत मरून शर्ट घातलेला एक माणूस दुकानाच्या पायरीवरची पिशवी उचलून चालता होतो, असे समजू. समोरचा व्यापारी शपथेवर सांगतो की शर्ट काळा होता. दुकानातल्या कॅमेऱ्यात तोच शर्ट चक्क पांढरट दिसतो. चौकातल्या दिव्याखालच्या कॅमेऱ्यात तो तपकिरी वाटतो. दोन कॅमेरे, एक साक्षीदार आणि तीन रंग. अशा वेळी लोक साक्षीदाराला चुकीचे ठरवतात, नाहीतर ही माणसे वेगवेगळी होती असे मानून मोकळे होतात. खरे तर तिघांनीही आपल्याला दिसले तेच सांगितलेले असते.

आज वडगावातच काय, हातकणंगले तालुक्यातल्या लहान गावांतही किराणा दुकान, पतसंस्था, दूध संस्था, सोसायटीचे गोदाम, देऊळ अशा सगळीकडे कॅमेरे लागलेले दिसतात. कॅमेरा कोणता घ्यावा, किती दिवसांचे रेकॉर्डिंग राहते, मोबाइलवर कसे पाहायचे, याची माहिती बसवणारा माणूस देतो. पडद्यावर दिसणाऱ्या रंगावर किती विश्वास ठेवायचा, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. चोरी झाली की पहिला प्रश्न असतो, ‘कपडे कोणत्या रंगाचे होते?’ आणि कॅमेऱ्याची बाजू सर्वांत लंगडी पडते ती नेमकी याच प्रश्नावर.

आधी डोळ्याचे पाहू. माणसाच्या प्रत्येक डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी सुमारे 60 लाख असतात आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे 12 कोटी. दिवसा शंकूपेशी काम करतात. उजेड कमी होत गेला की कारभार दंडपेशींकडे जातो. त्यांना रंग कळत नाही आणि लाल प्रकाश तर जवळजवळ दिसतच नाही. म्हणून तिन्हीसांजेला लाल फूल काळपट दिसते आणि शेजारचे निळे फूल उजळ वाटते. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात हा बदल नोंदवला आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. समोरच्या व्यापाऱ्याला मरून शर्ट काळा दिसला तो यामुळे. त्याच्या नजरेत काही दोष नव्हता.

आता कॅमेऱ्याकडे वळू. उजेड एका मर्यादेखाली गेला की बहुतेक कॅमेऱ्यांत ‘टक’ असा बारीक आवाज होतो. दिवसा इन्फ्रारेड किरण अडवणारी काच संवेदकासमोरून बाजूला सरकते, कॅमेऱ्याभोवतीचे छोटे दिवे पेटतात आणि चित्र काळे-पांढरे होते. हे दिवे साधारण 850 नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांचे असतात. माणसाला त्यांची जेमतेम लालसर झाक दिसते. 940 नॅनोमीटरचे दिवे तर डोळ्याला दिसतच नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी पडतो. या किरणांना कापडाचा रंग समजत नाही. कापड आणि त्यावरचे रंगद्रव्य हे किरण किती परतवतात, एवढेच त्यांना कळते. पुष्कळ कापडी रंग इन्फ्रारेड किरण जवळजवळ सगळेच परत पाठवतात. त्यामुळे मरून, गडद निळा, कधीकधी काळासुद्धा शर्ट रात्रीच्या चित्रात फिकट राखाडी किंवा पांढरा दिसतो. त्याच वेळी दुसऱ्या कापडाची काळी पँट काळीच राहते. झाडाची पाने आणि उसाचा पाला तर चुन्याने रंगवल्यासारखा उजळतो.

यातून निघणारा नियम कडक आहे. रात्रीच्या काळ्या-पांढऱ्या चित्रावरून कपड्याचा रंग कधीही सांगू नये. ‘पांढरा शर्ट’ असे न लिहिता ‘रात्रीच्या कॅमेऱ्यात फिकट दिसणारा शर्ट’ असे लिहावे. शब्द थोडे वाढतात, पण पांढरा शर्ट घातलेल्या एखाद्या निरपराध माणसाला चौकात अडवले जाण्याची शक्यता तेवढ्याने कमी होते.

गाड्यांच्या पाट्यांनाही हे लागू होते. खासगी गाडीची पांढरी पाटी आणि प्रवासी-माल वाहतुकीची पिवळी पाटी रात्रीच्या चित्रात सारखीच फिकट दिसते, त्यामुळे गाडी कोणत्या प्रकारची हे पाटीच्या रंगावरून ठरवता येत नाही. नव्या गाडीच्या तात्पुरत्या नोंदणीची पाटी पिवळी असते आणि त्यावरची अक्षरे लाल. लाल रंगद्रव्य इन्फ्रारेड किरण परतवत असेल, तर पाटी कोरी दिसू शकते. कोणी मुद्दाम नंबर पुसला, असा निष्कर्ष काढण्याआधी हे आठवावे.

तिसरा साक्षीदार होता चौकातल्या दिव्याखालचा कॅमेरा. जुने सोडियमचे दिवे सगळ्यावर नारिंगी-पिवळा रंग ओतत. त्यांच्याखाली निळे कापड काळपट होई, पांढरे आणि पिवळे यांत फरक उरत नसे आणि मरून तपकिरी होई. 5 जानेवारी 2015 रोजी राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम सुरू झाल्यापासून नगरपालिकांच्या हद्दीत पांढरे एलईडी दिवे झपाट्याने आले आणि रंगांची परिस्थिती सुधारली. तरी दुकानाच्या पाटीवरचा लाल-हिरवा एलईडी, मंडपातली रोषणाई, गाडीचा पिवळा इंडिकेटर हे सगळे अंगावरच्या कपड्यांना आपापला रंग देत असतात. कोल्हापुरी गुळाची परीक्षा करणारा व्यापारी रवा उजेडात धरून पाहतो, दिव्याखालच्या रंगावर भाव ठरवत नाही. फुटेज पाहणाऱ्यानेही रंग ठरवताना तीच शिस्त पाळावी. माणूस दिव्याच्या झोतातून बाहेर पडून दिवसाच्या किंवा पांढऱ्या उजेडात आलेला एखादा क्षण शोधावा आणि रंगाची नोंद त्या क्षणावरून करावी.

माणसाचा मेंदू प्रकाशाचा रंग वजा करून वस्तूचा रंग ओळखायचा प्रयत्न करतो. पिवळ्या बल्बखालीही कागद आपल्याला पांढराच वाटतो तो या सवयीमुळे. कॅमेऱ्यातही हेच काम करणारी व्यवस्था असते, तिला व्हाइट बॅलन्स म्हणतात. तिचा एक साधा प्रकार असे गृहीत धरतो की दृश्यातले सगळे रंग मिसळले तर सरासरी करडी यावी. बहुतेक दिवशी हे चालते. पण वाडी रत्नागिरीच्या जोतिबाची चैत्र यात्रा डोळ्यांसमोर आणावी. डोंगर, पायऱ्या, सासनकाठ्या, माणसे, सगळे गुलालाने गुलाबी. स्वयंचलित कॅमेरा हा गुलाबीपणा प्रकाशाचा दोष समजून तो कमी करू पाहतो आणि त्याच्या उलट बाजूचा, हिरवट रंग चित्रात मिसळतो. मग गुलाल फिका पडतो, करडा सदरा हिरवट वाटतो आणि गर्दीत हरवलेल्या मुलाचे ‘पिवळे झबले’ भलत्याच छटेत दिसू शकते. निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत आणि गणपती विसर्जनातही हीच अडचण येते. अशा दिवसांपुरता कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स स्वयंचलित न ठेवता सकाळच्या उजेडात स्थिर करून ठेवणे शहाणपणाचे. बसवणाऱ्या तंत्रज्ञाला एवढे सांगितले तरी पुरते.

मेंदूचा हिशेबही कधी चुकतोच. फेब्रुवारी 2015 मध्ये एका पोशाखाचा फोटो जगभर फिरला. तोच फोटो पाहून काहींना पोशाख निळा-काळा दिसला, काहींना पांढरा-सोनेरी, आणि एकाच घरातली माणसे त्यावरून वाद घालत बसली. प्रत्यक्ष पोशाख निळा-काळा होता. फोटोतला उजेड कुठला हे स्पष्ट नव्हते म्हणून प्रत्येकाच्या मेंदूने आपापला अंदाज बांधला. सीसीटीव्हीच्या चित्रात उजेडाचा उगम बरेचदा चौकटीबाहेरच असतो. तेव्हा एकच फुटेज पाहणाऱ्या दोघांनी दोन रंग सांगितले तर ज्याचा आवाज मोठा त्याचा रंग धरू नये. दोन्ही नोंदवून ठेवावेत.

लांबच्या माणसाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. 1976 मध्ये कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांना पेटंट मिळालेली रंगजाळी आज बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत असते. तिच्यातले निम्मे ठिपके हिरवा प्रकाश मोजतात, पाव लाल आणि पाव निळा. प्रत्येक ठिकाणचे उरलेले रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. पुढे रेकॉर्डिंग करताना जागा वाचवण्यासाठी चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात, उजेडाची मात्र चारही. माणसाच्या डोळ्याला बारीक तपशील उजेड-अंधारातून कळतात, रंगातून नाही, या गुणाचा हा फायदा घेतलेला असतो. परिणामी 1920 गुणिले 1080 पिक्सेलच्या चित्रात रंगाची माहिती प्रत्यक्षात 960 गुणिले 540 एवढीच असते. पडदाभर दिसणाऱ्या माणसाला याने काही फरक पडत नाही. पण रस्त्याच्या टोकाला सहा-सात पिक्सेलांत मावलेली टोपी लाल होती की मागच्या फलकाचा लाल तिच्यावर सांडला होता, हे सांगता येत नाही. बोटांनी कितीही मोठे केले तरी जी माहिती साठवलीच नाही ती वर येणार नाही. म्हणून लहान आणि लांबच्या वस्तूचा रंग पुरावा मानू नये.

आता पाहणाऱ्याच्या मनाकडे येऊ. माझ्या मते सगळ्यांत जास्त घोटाळा तिथे होतो.

अ‍ॅन ट्राइझमन आणि गॅरी जेलाड यांनी 1980 मध्ये दाखवून दिले की हिरव्या ठिपक्यांत एकच लाल ठिपका असेल तर तो शोधावा लागत नाही. आजूबाजूचे ठिपके दहा असोत की पन्नास, तो आपणहून डोळ्यांत भरतो. पडद्यासमोर बसलेल्या माणसाची नजर अशीच लाल साडी, पिवळा रेनकोट, भडक टी-शर्ट यांच्याकडे ओढली जाते. तेवढ्यात राखाडी शर्टातला माणूस गल्ल्यापाशी काय करतो ते निसटते. ज्याला काही लपवायचे असते तो भडक कपड्यांत क्वचितच येतो.

याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा 1999 मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. पांढरे सदरे आणि काळे सदरे घातलेले दोन गट चेंडू टाकत असतात. प्रेक्षकाने एका गटाच्या फेकी मोजायच्या. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती दृश्यातून चालत जाते, आणि जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती दिसत नाही. एवढे अनेकांनी ऐकलेले असते. कमी सांगितला जाणारा भाग असा की पांढऱ्या सदऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या नजरेतून काळा गोरिला अधिक वेळा सुटला. काळ्या सदऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्यांना तो जास्त दिसला. मनाने एक रंग धरला की दुसऱ्या रंगाचे सगळे बाजूला पडते.

हे फुटेज पाहणाऱ्याला लावून पाहा. ‘लाल शर्टवाला शोधा’ असे सांगून कोणाला बसवले, तर तो लाल शर्ट शोधील. चोराने वाटेत शर्ट बदलला असेल, साक्षीदाराला दिवेलागणीला रंग चुकीचा दिसला असेल किंवा कॅमेऱ्याने लाल रंग फिका केला असेल, तर खरा माणूस पडद्यावरून चालत गेला तरी दिसणार नाही. म्हणून फुटेज पहिल्यांदा पाहताना रंगाची सूचना देऊच नये. वेळ, दिशा, हातातली वस्तू आणि चालण्याची ढब एवढेच सांगावे. आणखी एक उपाय उपयोगी पडतो. संगणकावर पाहताना चित्राचा रंग शून्यावर आणून पहिली फेरी काळ्या-पांढऱ्यात पाहावी, दुसरी रंगांत. पहिल्या फेरीत नजर हालचालींवर राहते. कोण कुठे थांबला, कोण दोनदा आला, कोणाची पिशवी जाताना जड झाली हे सापडते. त्याच्या कपड्यांचा रंग दुसऱ्या फेरीत तपासता येतो.

वारणा खोऱ्यातल्या उसात बिबट्याचा वावर वाढला तसे वन खात्याचे कॅमेरे लोकांच्या परिचयाचे झाले आहेत. रात्रीच्या त्या चित्रांत बिबट्याचा सोनेरी रंग नसतोच. तरीही अभ्यासक एक बिबट्या दुसऱ्यापासून वेगळा ओळखतात, तो अंगावरच्या ठिपक्यांच्या मांडणीवरून. माणसाच्या बाबतीतही चौकड्यांचा शर्ट, पँटच्या बाजूची पट्टी, पाठीवरचे छापील चित्र, चपलेची घडण, एका बाजूला झुकलेला खांदा या खुणा रंगापेक्षा जास्त टिकतात. त्यातही कपड्याची छपाई इन्फ्रारेडमध्ये पुसली जाऊ शकते, पण शरीराची ठेवण पुसली जात नाही.

रंगीत चित्र काळे-पांढरे करून छापतानाही फसगत होते. रूढ सूत्रानुसार उजेडाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा 0.587, लालचा 0.299 आणि निळ्याचा 0.114 धरतात. शुद्ध लाल, म्हणजे 255 किमतीचा लाल, करड्यात 76 होतो. मध्यम हिरवा, म्हणजे सुमारे 130 किमतीचा, तोही 76 होतो. हिरव्या उसापुढे उभा असलेला लाल शर्ट अशा छापील कागदावर पिकात विरघळून जातो. तक्रारीसोबत द्यायचे चित्र म्हणून रंगीतच छापावे, साधी झेरॉक्स जोडू नये. हलत्या चित्रातही असेच घडते. पॅट्रिक कॅव्हनाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवले की वस्तू आणि पार्श्वभूमी यांच्यात फक्त रंगाचा फरक असेल आणि उजेड सारखा असेल, तर हालचाल प्रत्यक्षापेक्षा संथ वाटते. गाडी किती वेगात होती, हे नुसते पाहून सांगणाऱ्यांनी याची आठवण ठेवावी. पुणे-बेंगळुरू महामार्ग आणि किणी टोल नाका जवळ असल्याने वडगाव परिसरात अपघातांची फुटेज हाताळण्याची वेळ येते. वेग चित्रांची संख्या आणि अंतर मोजून काढावा, डोळ्याच्या अंदाजाने सांगू नये.

जनावरांच्या बाजारात कॅमेरा लावणाऱ्यांना एक सूचना. पेठ वडगावच्या बाजारात भर उन्हात पांढरे खिलार बैल आणि काळ्या म्हशी एकाच चौकटीत येतात. कॅमेऱ्याने बैलावर उजेड जुळवला की म्हशीशेजारचा माणूस अंधारात जातो; म्हशीवर जुळवला की बैलाच्या अंगावरच्या सगळ्या खुणा उन्हात धुऊन निघतात. अशा जागी उजेड-अंधार दोन्ही सांभाळण्याची सोय, तंत्रज्ञांच्या भाषेत डब्ल्यूडीआर, चालू करून घ्यावी आणि कॅमेऱ्याचे तोंड आकाशाकडे राहणार नाही हे पाहावे.

रात्रीही रंगीत चित्र देणारे कॅमेरे आता मिळतात आणि त्यांची जाहिरात आकर्षक असते. त्यांचे भिंग जास्त उजेड आत घेते, शिवाय सोबत पांढरा दिवा असतो. रंग खरोखर मिळतो. मात्र उजेड फारच कमी असेल तर प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ घ्यावा लागतो, आणि पळणारा माणूस रंगीत पण पुसट होतो. गेटपाशी आणि गल्ल्याजवळ, जिथे माणूस थांबतो, तिथे असा कॅमेरा उत्तम. लांब मोकळ्या रस्त्यासाठी घेण्याआधी कोणालातरी त्याच्यासमोरून रात्री पळायला लावून चित्र पाहावे.

पडद्याचाही दोष असतो. मोबाइलवर रात्री आपोआप चालू होणारा निळा प्रकाश कमी करणारा फिल्टर सगळ्या चित्राला पिवळी छटा देतो. फुटेज पाहण्याआधी तो बंद करावा. घरचा टीव्ही मॉनिटर म्हणून लावला असेल तर त्यातला ‘व्हिव्हिड’ पर्याय रंग भडक करतो, तो काढून साधा पर्याय ठेवावा. पडद्यावर खिडकीचा उजेड पडू नये, आणि मागची भिंत रंगीत असण्यापेक्षा फिकट करडी बरी. सतत पाहण्याचे काम असेल तर माणूस दर अर्ध्या तासाने बदलावा. नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 मध्येच रडारसारख्या कामावर प्रयोग करून दाखवले होते की पहिल्या अर्ध्या तासातच लक्ष सुटू लागते.

पाहणाऱ्याला रंग नीट ओळखता येतात का, हेही विचारावे, पण अपमान न करता. लाल-हिरव्याची गफलत जन्मजात असते, पुरुषांत ती बरीच जास्त आढळते, आणि कित्येकांना ती स्वतःलाही माहीत नसते. जपानच्या शिनोबू इशिहारा यांनी 1917 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांच्या तक्त्यांवर नेत्रतज्ज्ञाकडे काही मिनिटांत ती कळते. एवढ्यावरून कोणाला कामावरून काढण्याचे कारण नाही. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने रंगांधळेपणाच्या कारणावरून संकलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारलेल्या उमेदवाराच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने 12 एप्रिल 2022 रोजी निकाल दिला. फुटेज पाहण्याचे बहुतेक काम हालचाल ओळखण्याचे असते. रंग सांगण्याची वेळ आली की दुसऱ्या माणसाने पडताळावे, एवढी सोय पुरेशी आहे.

रंगावरून माणूस ठरवून क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणे हे मात्र कटाक्षाने टाळावे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती अफवा मोबाइलवरून पसरत होती. ‘हा भगव्या कपड्यांतला’, ‘हा हिरव्या टोपीचा’ अशा मजकुराची अंधुक क्लिप गावात फिरली, की तशा रंगाचे कपडे घातलेला प्रत्येक परका माणूस धोक्यात येतो. क्लिप पोलिसांकडे द्यावी, गटात टाकू नये.

पोलिसांकडे देतानाही मूळ फुटेजला हात लावू नये. रंग गडद करणे, उजेड वाढवणे, कापणे हे सगळे प्रतीवर करावे. जालना मतदारसंघातल्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात झालेला खटला निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रफितींभोवती फिरला, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते हे सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी स्पष्ट केले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली त्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून काढलेली तिची ओळखखूण, नोंदवावे लागते. फाइलमध्ये एका छटेचा जरी बदल केला तरी ते मूल्य बदलते.

हे सगळे ध्यानात ठेवण्यापेक्षा एक काम आजच करून ठेवणे सोपे आहे. घरातले सात-आठ कपडे घ्यावेत: पांढरा, काळा, लाल, मरून, निळा, हिरवा, पिवळा, त्यात सुती आणि सिंथेटिक दोन्ही असावेत. प्रत्येक कॅमेऱ्यासमोर ते एकेक करून धरावेत, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री. प्रत्येक कपड्याचे नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सोबत दाखवावे. ही काही मिनिटांची क्लिप पेनड्राइव्हवर वेगळी साठवावी, कारण रेकॉर्डरमधले जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. पुढे कधी प्रसंग आलाच, तर ‘या कॅमेऱ्यात रात्री मरून पांढरा दिसतो’ हे तपास अधिकाऱ्याला तोंडी समजावत बसावे लागणार नाही. क्लिप लावून दाखवता येईल. पथदिवा बदलला, दुकानाला नवा रंग दिला किंवा कॅमेरा बदलला, की ही चाचणी पुन्हा करावी.